कडुनिंबाच्या पानांचा अर्ज

जयपूरला उन्हाळा आधी दाराच्या कडीत येतो. आदर्श नगरातल्या आमच्या जिन्याचं लोखंडी दार सकाळी दहाला उघडायला जावं आणि बोटं आपोआप मागे यावीत. मग समजायचं, आता पाऊस येईपर्यंत प्रत्येक वस्तूला हात लावण्याआधी थांबायचं. कूलरवाला भैया येतो, जाळीतलं जुनं गवत उपसतो, नवं भरतो, आणि पहिल्या दिवशी दिवसभर घराला ओल्या वाळ्याचा वास येतो. सुलभा, माझी बायको, गॅलरीत परिंडा टांगते. परिंडा म्हणजे पाखरांच्या पाण्याचं मातीचं पसरट भांडं. इथल्या बऱ्याच घरांत ते उन्हाळ्यात असतं. पस्तीस वर्षांपूर्वी विमा खात्यातली बदली होऊन आम्ही सोलापूरहून इथं आलो, तेव्हा शेजारणीने सुलभाला पहिला परिंडा दिला होता. आम्ही परत गेलो नाही. परिंडे मात्र बरेच फुटले आणि बदलले.

याच दिवसांत गच्चीवर रजया उन्हात पडतात, पेटीत जाण्याआधी. त्या रजयांच्या शेवटी, दोरीच्या एका टोकाला, एक लांबलचक पिवळसर कापड वाळत पडतं. नऊवारी लुगड्याएवढं लांब. त्यावर काळ्या रंगात कडुनिंबाची पानं छापलेली आहेत, आणि प्रत्येक पानाखाली कोणाचं तरी नाव.

"हे यंदाही काढलंस?" मी विचारलं.

"कसर लागेल."

"सहा वर्षांत लागली नाही."

"दरवर्षी काढते म्हणून लागली नाही," सुलभा म्हणाली आणि चिमटा लावून खाली निघून गेली.

एवढंच आमचं बोलणं होतं, दर उन्हाळ्यात. ती कधी जास्त विचारत नाही. तिनं विचारलं असतं तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. ती विचारत नाही म्हणून मी लू, म्हणजे इथला उन्हाळी झळांचा वारा, सुरू झाली की घरभर फिरत राहतो. खुर्चीत बसतो, उठतो, पंख्याचा वेग बदलतो. डॉक्टर म्हणाले, वयाचा परिणाम आहे. वय अठ्ठ्याहत्तर आहे हे खरं. परिणाम कशाचा आहे ते मला माहीत आहे.

आमच्या मराठी मंडळाच्या आवारात कडुनिंबाची तीन झाडं होती. मंडळाची जुनी बैठी इमारत त्यांच्या सावलीतच उभी होती म्हणायला हरकत नाही, कारण उन्हाळ्यात सभा आत न होता बहुतेकदा झाडांखालीच व्हायच्या. पाडव्याच्या सकाळी याच झाडांची कोवळी, तांबूस पालवी गुळाबरोबर वाटून मुलांच्या तळहातावर ठेवायचो. मुलं तोंड वाकडं करायची आणि आया म्हणायच्या, "गिळ रे, आपलं आहे." आपलं म्हणजे काय, हे त्या मुलांना नीट कळायचं नाही. शाळेत हिंदी, अभ्यास इंग्रजी, आणि वर्षातून पाच-सहा वेळा हे मंडळ, जिथं मोठी माणसं अचानक मोठ्या आवाजात मराठी बोलू लागतात. बँका, विमा, रेल्वे, छावणी, असे कुठून कुठून आलेले आम्ही. प्रत्येकाच्या घरात आपापल्या जिल्ह्याची मराठी, आणि ती पुढच्या पिढीत जाता जाता पातळ होत गेलेली. मुलं जेवायला यायची, खरं सांगायचं तर. मसालेभात आणि जिलबीपुरतीच ती मराठी होती.

रेवती त्यांच्यातलीच. वडील फौजेत, इथल्याच छावणीतून निवृत्त झालेले. ती चित्रकला शिकली आणि जयपूरजवळच्या बगरू गावी छापकामवाल्यांकडे जाऊन बसू लागली. तिच्या मराठीत मतलब, थोडी ना, असं पुष्कळ असायचं. एकदा मंडळाच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये तिनं लिहिलेला मजकूर मी सगळ्यांसमोर दुरुस्त करून परत टाकला होता. मी तेव्हा मंडळाचा सचिव, आणि ग्रुप चालवणाराही मीच. तिनं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. मला ते शिक्षकाला मिळावं तसं समाधान मिळालं. हेही नोंदवलं पाहिजे.

त्या वर्षी कार्यकारिणीने सभागृह मोठं करायचं ठरवलं. थंड हवेची यंत्रं, पुढे गाड्या उभ्या करायला फरशी. मधे झाडं येत होती. बातमी ग्रुपवर गेली तेव्हा रेवतीनं विचारलं, झाडं ठेवून नाही का करता येणार? कोणी अंगठा दाखवला, कोणी फुलं टाकली, आणि दहा मिनिटांत तो प्रश्न सुप्रभातच्या चित्रांखाली गेला.

मग एका रविवारी ती झाडांखाली एक टेबल घेऊन आली. टेबलावर गोणपाटाचे थर, त्यावर हे कापड. हरड्याच्या, म्हणजे आपल्या हिरड्याच्या, पाण्यात बुडवून वाळवलेलं, म्हणून पिवळसर. सोबत शिसवी लाकडाचा ठसा, कडुनिंबाच्या एका डहाळीचा, आणि एका थाळ्यात काळं पाणी. बगरूत त्याला स्याही म्हणतात. गंजलेलं लोखंड आणि गूळ कित्येक दिवस मडक्यात मुरवून करतात. तिच्याबरोबर बगरूचे रामकिशोरजी आले होते, छीपांच्या, म्हणजे पिढीजात छापकाम करणाऱ्यांच्या, जुन्या घरातले. ते खुर्चीवर बसून नुसते बघत होते. कोणी ठसा वाकडा ठेवला की म्हणायचे, "हथेली से मारो, बाईसा, डरो मत."

"काका, ज्यांना झाडं हवीत त्यांनी एक पान छापायचं," रेवती म्हणाली. "आणि खाली नाव. मराठीत."

पहिल्यांदा कोणी हलेना. मग सुलभा उठली. तिनं ठसा बुडवला, कापडावर ठेवला आणि वरून तळहाताने असा दणका दिला की टेबल हललं.

"वहिनी, झाड छापायचंय, पाडायचं नाही," कोणीतरी म्हणालं.

"पाडायचं काम यांच्याकडे आहे," सुलभा माझ्याकडे न बघता म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो.

स्याहीची गंमत अशी की छापताना ती जेमतेम दिसते. फिक्कट, धुरकट. हरड्याशी भेट झाल्यावर ती हळूहळू काळी होत जाते, आणि उन्हात ठेवलं की आणखी. मुलांना ते फार आवडलं. आपलं पान काळं होईपर्यंत ती शेजारी उकिडवी बसून राहायची. काहींना नाव मराठीत लिहिता येत होतं, कारण हिंदीमुळे अक्षरं येत होती. एका मुलाने आपलं आडनाव पहिल्यांदाच पूर्ण लिहिलं आणि वडिलांना विचारलं, "म्हणजे हे गावाचं नाव आहे?" वडील त्याला गाव कुठे आहे ते सांगू लागले. झाडाखाली, टेबलाशी उभं राहून. मंडळाने पंचवीस वर्षं व्याख्यानं ठेवून जे घडलं नव्हतं ते त्या टेबलापाशी तीन-चार रविवारांत घडत होतं. मला ते दिसत होतं, आणि मला ते आवडत नव्हतं. का आवडत नव्हतं, हे शोधण्यात माझी पुढची वर्षं गेली.

बहुधा असं असेल. तोवर या शहरातलं आमचं मराठीपण मंडळाकडून मिळायचं. वर्गणीची पावती, कार्यक्रमपत्रिका, व्यासपीठावरच्या खुर्च्या, आणि या सगळ्याची वही माझ्याकडे. रेवतीच्या टेबलावर ते कोणी कोणाला देत नव्हतं. प्रत्येकजण स्वतःच्या हाताने छापून घेत होता. शिवाय तिनं पानांचे फोटो नेटवर टाकले. सी-स्कीमसारख्या श्रीमंत वस्तीतली दुकानदार मंडळी, बगरूची मुलं, आमच्याशी काही संबंध नसलेली माणसं लिहू लागली. ही झाडं आमचीही आहेत, म्हणून. अध्यक्षांचा मला फोन आला, "शेंडे, आपण इथं पाहुणे. गावात बोभाटा नको." एकोणतीस वर्षांनंतरचे पाहुणे. मी म्हणालो, बघतो.

आता इतिवृत्ताबद्दल. मी आयुष्यभर खात्यात कागद सांभाळले, आणि त्यात एक सोय शिकलो. सभेचं इतिवृत्त मी सभेच्या आधीच लिहून ठेवायचो. सूचक आणि अनुमोदकांच्या नावापुरती जागा सोडायची, बाकी ठराव तयार. 'सर्वानुमते मंजूर' हे शब्द तर माझा हात न विचारता लिहायचा. त्याच पानाच्या खालच्या भागात उपस्थितांच्या सह्या. सभा सुरू होतानाच वही फिरवायची, आणि वरच्या मजकुरावर विषयपत्रिकेचा कागद ठेवायचा, म्हणजे कोणी वाचत बसत नाही. अनेक वर्षं असंच चाललं. त्यात कोणाचं काही बिघडलं नाही, कारण कोणी कशाला विरोधच करत नव्हतं.

झाडांच्या ठरावाची ती सभा ज्येष्ठातली. बाहेर आंधीची, धुळीच्या वादळाची पिवळी हवा, खिडक्या बंद, पंखे गरम वारा ढकलतायत. वही फिरली. रेवतीनं सही केली, सुलभानं केली. मग विषय आला तेव्हा रेवती उठली आणि तिनं नि सुलभानं मिळून कापड उलगडलं. ते सभागृहाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "वार्षिकोत्सवात मागे पडदा म्हणून लावू."

"हा पडदा नाहीये," रेवती म्हणाली. "मतलब, हा अर्ज आहे. झाडं तोडायला आमची हरकत आहे."

"अर्ज कागदावर द्यायचा असतो, बेटा," मी म्हणालो.

"का?"

"फाइलला लागतो."

लोक हसले. मला हशा मिळाला याचा आनंद झाला, तोही नोंदवतो. तिनं कापडाची घडी केली आणि माझ्या टेबलावर, वहीशेजारी ठेवली. मग कोणीतरी चहाचं म्हणालं, आंधीने दार आपटलं, लोक उठले. मतदान झालं नाही. झालं असतं तरी ठराव बहुमताने संमत झाला असता. खोल्या थंड हव्या असणारेच जास्त होते. 'बहुमताने' एवढा एक शब्द लिहायचा होता, आणि एक ओळ, की रेवतीनं हरकत घेतली. पण पान तयार होतं. मी रिकाम्या जागी दोन नावं भरली आणि वही मिटली.

झाडं आठवड्यात गेली. दोन दिवस आवारभर कडू वास होता, करवतीच्या भुशाचा.

नेटवर गदारोळ झाला. रेवतीच्या पानांखाली लोक विचारू लागले, सभेत काय झालं, विरोध का नोंदवला नाही. ग्रुपवरही तेच. अध्यक्ष म्हणाले, "काहीतरी टाका, विषय संपवा." मी वहीच्या त्या पानाचा फोटो काढला. वर 'सर्वानुमते मंजूर', खाली रेवतीची सही, स्वच्छ, पूर्ण नावाची. फोटो मी दोनदा काढला. पहिल्यात पंख्याने पान हललं होतं आणि सही नीट दिसत नव्हती.

फोटो ग्रुपवर टाकला. शब्द एकही लिहिला नाही. तासाभरात तो बाहेर गेला आणि लोक लिहू लागले. सही करून वर आंदोलन. प्रसिद्धीसाठी झाडं. सभेत गप्प, नेटवर वाघीण. ज्यांनी तिच्या टेबलावर पान छापलं होतं त्यांनीही लिहिलं. पोरांना वाटलं, हिनं आपल्याला फसवलं. जिच्यामुळे ती एकत्र आली होती तिच्याच नावाने ती पांगली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"काका, मी हरकत घेतली होती ना? तुम्ही समोर होता."

"समोर होतो, पण बेटा, रेकॉर्डवर तसं नाही."

मग ती म्हणाली, "माझं कापड तरी द्या."

"मंडळाच्या सामानात शोधावं लागेल," मी म्हणालो. ते माझ्या कपाटात होतं.

सुलभाला ते पावसाळ्यात सापडलं. घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. "त्या पानावर तिची सही कशी आली?" असं तिनं एकदाच विचारलं, आणि मी सांगितलं, जसं इथं सांगतोय तसंच. ती म्हणाली, "मग हे तुम्ही नेऊन द्या. तुम्ही आणलंत." मी हो म्हणालो. त्यानंतर ती मंडळात गेली नाही. पाडव्याला पालवी आता बाजारातून येते, सुतळी बांधलेल्या जुडीत.

रेवतीनं ग्रुप सोडला, नेटवरची पानं काढून टाकली. ऐकलं, बगरूलाच राहते. मंडळाचं सभागृह छान थंड आहे. तरुण मुलं येत नाहीत. बैठकीत दरवेळी यावर चिंता व्यक्त होते आणि तशी नोंद होते.

यंदा कडी तापली, कापड दोरीवर पडलं, आणि मला गच्चीवरून खाली येववेना. वाऱ्याने ते फुगत होतं, नावं जवळ येत होती, लांब जात होती. त्यातली दोन माणसं आता नाहीत. मी तिथूनच मंडळाच्या सचिवांना फोन केला. अमोल, बँकेतला, चाळिशीचा, सभ्य मुलगा. म्हणालो, पुढच्या सभेत एक विषय घे. जुन्या इतिवृत्तातली दुरुस्ती.

"काका, आता कशाला? झाडं थोडीच परत येणार?"

"झाडांचं नाही. एका मुलीचं नाव आहे."

"तुम्ही बोला ना सभेत, जरूर बोला. सगळे ऐकतील."

सभेला गेलो. आत गारवा, सगळे शाली घेऊन. वही फिरत माझ्यापुढे आली. सह्यांच्या वर विषयपत्रिकेचा कागद ठेवलेला. मी तो बाजूला सरकवला. अमोलच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'ज्येष्ठ सभासद श्री. शेंडे यांनी जुन्या आठवणींना उजाळा दिला. सभेने त्यांचे आभार मानले.'

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

"अमोल, हे अजून घडायचंय."

तो लाजला, पण हसून म्हणाला, "काका, पद्धत तुमचीच आहे. मी तुमच्या जुन्या वह्या बघूनच शिकलो."

मला वाटलं होतं, मी एका पानाचा अपराधी आहे. त्या क्षणी ती वही मला जड वाटू लागली. मी पेन काढलं, त्या दोन ओळींवर रेघ मारली, आणि समासात लिहिलं की सहा वर्षांपूर्वीच्या सभेत रेवतीनं झाडं तोडण्यास स्पष्ट हरकत घेतली होती, मतदान झालं नव्हतं, ठराव सभेआधी लिहिलेला होता आणि तिची सही केवळ उपस्थितीची होती. लिहिणारा तेव्हाचा सचिव. मग सही केली.

"खाडाखोड चालत नाही हो वहीत," अमोल हळूच म्हणाला.

"मग दिसू दे," मी म्हणालो.

मग उभा राहून तेच वाचून दाखवलं. एकाने घसा खाकरला. घरी येऊन मी त्या पानाचा फोटो काढला, आणि या वेळी शब्दांसकट ग्रुपवर टाकला, जुन्या फोटोसह. कोणाला चूक कोणाची ते शोधावं लागू नये म्हणून पहिल्याच ओळीत माझं नाव. काही हात जोडले गेले. एकाने 'काका ग्रेट' लिहिलं, ते वाचून मला कसंसंच झालं. त्याच्याखाली लगेच कोणाचा तरी गुलाब आणि शुभ सकाळ. जुनी बातमी गावभर गेली तेवढ्या वेगाने ही जात नाही, हे बघत मी दुपारभर फोन उलटा-सुलटा करत राहिलो. कोणीतरी ते रेवतीला पाठवलं असावं. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला.

'माफीचं नंतर बघू. कापड आहे का तुमच्याकडे?'

सुलभानं ते आधीच घडी करून पिशवीत ठेवलं होतं.

बगरूची बस अजमेरच्या रस्त्याने धुळीतून गेली. छापखान्याच्या अंगणात जमिनीवर कापडं पसरलेली, मधून चालायला पाऊलभर वाट. रेवतीला चष्मा लागला आहे. सुलभाला ती वाकून नमस्कार करायला गेली, सुलभानं तिला मधेच धरलं आणि सोडेना. मला तिनं हात जोडले. लांब टेबलावर कापड उलगडलं आणि ती नावं वाचत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. आम्ही उभेच होतो.

"धुतलं नाहीत?"

"तूच म्हणाली होतीस, शेवटचं पान छापेपर्यंत धुवायचं नाही," सुलभा म्हणाली.

मी धीर करून विचारलं, "रेवती, मी एक पान छापू?"

"नाही, काका." ती माझ्याकडे बघून म्हणाली. आवाजात राग नव्हता, पण जागाही नव्हती. "हे तेव्हा ज्यांनी छापलं त्यांचं आहे."

मी मान हलवली. तिनं कोपऱ्यातून स्याहीची वाटी आणि टोक काढलेली एक काडी आणली, आणि कापडाचा रिकामा काठ माझ्यापुढे सपाट केला.

"सचिव म्हणून तुमचं एक काम राहिलंय. अर्ज आला की ऑफिसात काय लिहितात?"

"मिळाला."

"मग तेच लिहा."

काडी बुडवली. 'अर्ज मिळाला' लिहिलं, खाली सही, आणि थांबलो.

"तारीख तेव्हाची घालू की आजची?"

"तुम्ही सांगा," रेवती म्हणाली.

मी आजची घातली. सहा वर्षं उशिराची, स्पष्ट आकड्यांत. अक्षरं उमटली की नाही तेच कळेना; पिवळ्यावर नुसता धुरकट ओलावा. तिनं कापड उचलून बाहेर अंगणात उन्हात पसरलं. मी त्याच्या काठाशी जाऊन उभा राहिलो. जमीन चपलेतून भाजत होती.

"अहो, सावलीत या," सुलभानं हाक मारली.

"थांब," मी म्हणालो. "अजून पुरतं काळं झालेलं नाही."